डेकच्या परमिटसाठी आधी सर्व्हे शोधा

आमच्या स्वयंपाकघरातल्या सरकत्या काचेच्या दाराला नऊ वर्षं बाहेरून एक आडवी फळी ठोकलेली होती. घर १९९४ सालचं. बिल्डरने दार दिलं, पण दाराबाहेर काहीच दिलं नाही. फळी नसती तर चहाचा कप घेऊन बाहेर पडणारा माणूस थेट ४४ इंच खाली गवतात गेला असता. मध्य न्यू जर्सीतल्या जुन्या वसाहतींमध्ये असली दारं पुष्कळ दिसतात. सासूबाई साताऱ्याहून आल्या की त्या फळीकडे बघून म्हणायच्या, "हे दार आहे की देखावा?"

गेल्या वर्षी त्या दाराबाहेर डेक, म्हणजे लाकडी ओटा, झाला एकदाचा. मार्चमध्ये हात घातला, आणि सासूबाईंच्या कुरडया त्यावर वाळल्या ऑगस्टच्या शेवटी. यातलं सुतारकाम जेमतेम नऊ दिवसांचं. बाकी सगळा वेळ कागदपत्रांत गेला, आणि त्यातला निम्मा माझ्यामुळेच गेला, कारण मी कामं उलट्या क्रमाने केली. आधी डेक डोळ्यासमोर आणला, मग भाव काढले, मग चित्र काढलं आणि शेवटी जमिनीचा नकाशा, म्हणजे सर्व्हे, शोधला. तुम्ही नकाशापासून सुरुवात करा.

हे सगळं न्यू जर्सीपुरतं आहे. इथे बांधकामाचे नियम, म्हणजे खड्डा किती खोल, कठडा किती उंच, हे १९७५ च्या कायद्यामुळे राज्यभर एकच आहेत. ते एडिसन गावातल्या मैत्रिणीला विचारले तरी चालतात. पण डेक कुंपणापासून किती दूर हवा, हे झोनिंग प्रत्येक गावाचं वेगळं, आणि एकाच गावात गल्लीगल्लीचं वेगळं. तिथे मैत्रिणीचा सल्ला काडीच्या कामाचा नाही. मला हा फरक कळायला एप्रिल उजाडला.

परमिट लागतंच का, हा प्रश्न सगळे विचारतात. घराला जोडलेला डेक असेल तर लागतं. मी पहिल्यांदा ज्याला बोलावलं त्या कॉन्ट्रॅक्टरने अंगणात उभ्या उभ्या सांगितलं, "परमिटच्या भानगडीत पडू नका, दोन हजार कमी करतो, आठवड्यात डेक उभा." नवऱ्याचा चेहरा खुलला होता. मी गप्प बसले, कारण आमच्याच रस्त्यावरचं एक घर विकताना काय झालं ते मला माहीत होतं. खरेदीदाराच्या वकिलाने टाउनशिपकडे, म्हणजे गावाच्या प्रशासनाकडे, माहिती अधिकाराचा अर्ज केला (इथे त्याला ओप्रा म्हणतात, सात कामकाजी दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं), त्यात डेकचं परमिटच सापडलं नाही, आणि विकणाऱ्यांना क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्यांच्या, तोंडावर डेकच्या फळ्या उचकटून इन्स्पेक्टरला खालचं लाकूड दाखवावं लागलं. विनापरमिट काम केल्याचा दंड दोन हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो तो वेगळाच.

आता सर्व्हे. घर घेताना क्लोजिंगच्या वेळी जो जाडजूड गठ्ठा मिळतो त्यात एक मोठा घडी घातलेला कागद असतो: तुमच्या प्लॉटच्या चारही हद्दी, त्यांची लांबी, घराची बाह्यरेषा, आणि घराच्या कोपऱ्यापासून हद्दीपर्यंतची अंतरं. सर्व्हेअरचा शिक्का आणि सही असते. आमचा तळघरात मुलांच्या जुन्या शाळेच्या वह्यांखाली निघाला. तुमचा सापडला नाही तर आधी टाउनशिपच्या बांधकाम खात्यात विचारा; आधीच्या मालकाने कधी शेड किंवा कुंपण घातलं असेल तर त्याच्या फाइलमध्ये प्रत असू शकते. तिथेही नसेल तर नवा करून घ्यावा लागतो आणि त्याला काही शे डॉलर मोजावे लागतात.

सर्व्हे शोधण्याआधी मी काय केलं ते सांगते. टेप घेतला, घराच्या मागच्या भिंतीपासून लाकडी कुंपणापर्यंत मोजलं. ४६ फूट. आमच्या झोनमध्ये डेकच्या कडेपासून मागच्या हद्दीपर्यंत ३० फूट मोकळे सोडावे लागतात, हे टाउनशिपच्या नियमांत वाचलं होतं. ४६ वजा ३०, म्हणजे १६ फूट खोल डेक! १६ बाय १८ चं चित्र काढलं, त्यावर दोन कॉन्ट्रॅक्टरांचे भाव घेतले, वसाहतीच्या असोसिएशनकडे अर्जही टाकला. मग झोनिंगच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "सर्व्हे कुठाय?" घरी येऊन सर्व्हे उघडला तर मागच्या भिंतीपासून हद्द ४२ फुटांवर. कुंपण हद्दीच्या चार फूट पलीकडे, असोसिएशनच्या मोकळ्या जागेत, आधीच्या मालकाने ठोकलेलं. १६ चा डेक १२ चा झाला, दोन्ही भाव बाद, असोसिएशनचा अर्ज परत पहिल्यापासून. (कुंपणाबद्दल असोसिएशनने अजून काही विचारलेलं नाही, आणि मीही विषय काढलेला नाही.)

तेव्हा कुंपण म्हणजे हद्द नव्हे. सर्व्हेच्या चार-पाच प्रती काढा, मूळ कागदाला पेन लावू नका. प्रत काढताना लहान-मोठी करू नका, नाहीतर मोजपट्टीचं प्रमाण बिघडतं आणि खिडकीवरून कागद परत येतो. एका प्रतीवर डेक प्रमाणात काढा आणि प्रत्येक कडेपासून हद्दीपर्यंतचं अंतर आकड्यात लिहा. जिने विसरू नका. आमच्याकडे पायऱ्याही त्या ३० फुटांत मोजतात, म्हणून मागे उतरणारा जिना मी बाजूला वळवला. दुसऱ्या गावात पायऱ्यांना सूट असेलही, पण विचारून घ्या.

त्याच सर्व्हेवर आणखी दोन गोष्टी डोळ्यात तेल घालून बघा. एक, तुटक रेषांनी दाखवलेला ईझमेंटचा पट्टा. जमीन तुमची, पण पावसाच्या पाण्याच्या नळासाठी किंवा विजेच्या तारांसाठी त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो, आणि त्यात डेकचा खांब रोवता येत नाही. दुसरी, पाणथळ जागेची रेषा. न्यू जर्सीत १९८७ पासून गोड्या पाण्याच्या पाणथळ जागांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि नुसत्या जागेला नव्हे, तिच्या भोवतीच्या पट्ट्यालाही: साधारण ५० फूट, अतिमहत्त्वाच्या जागांना १५० फूट. मागच्या झाडीत बेडूक ओरडतात म्हणून घर आवडलं असेल तर ही रेषा नक्की शोधा. ती सापडली तर प्रकरण गावाच्या हातात राहत नाही, राज्याच्या पर्यावरण खात्याकडे जातं.

एवढं जमलं की झोनिंग परमिटचा अर्ज हे एक-दोन पानांचं काम आहे. प्लॉटचा किती टक्के भाग झाकला जातोय ते विचारतात. फळ्यांमध्ये फटी आणि खाली माती असेल तर काही गावं डेक त्यात धरत नाहीत, काही धरतात. अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत हो किंवा नाही सांगणं अधिकाऱ्याला बंधनकारक आहे. आमचं आठव्या दिवशी आलं.

ते चार फूट परत मिळवायला व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागता आला असता. त्यासाठी झोनिंग बोर्डापुढे सुनावणी होते. २०० फुटांच्या परिघातल्या प्रत्येक मालकाला निदान दहा दिवस आधी नोटीस द्यायची, त्या मालकांची प्रमाणित यादी टाउनशिपकडून घ्यायची (नावामागे २५ सेंट किंवा एकूण १० डॉलर, जे जास्त असेल ते), मग बोर्डाला निर्णयासाठी १२० दिवस. चार फुटांसाठी मला एवढी हौस नव्हती. तुमचा प्लॉट त्रिकोणी असेल आणि कसाही काढला तरी डेक बसतच नसेल, तर ती वाट धरा.

असोसिएशनची मंजुरी वेगळी. तिचा टाउनशिपशी संबंध नाही. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा हो म्हणत नाही. आमच्या असोसिएशनला लाकडाच्या रंगात रस होता, खांबाच्या जाडीत अजिबात नाही. झोनिंगच्या बरोबरीनेच तो अर्ज टाका.

आता चित्र. स्वतः राहत असलेल्या घराचं रेखाटन न्यू जर्सीत मालक स्वतः काढून देऊ शकतो, तसं लिहून सही द्यावी लागते. मी आलेखाच्या कागदावर, पाव इंचाला एक फूट या प्रमाणात, पेन्सिलने काढलं. यात मला दोन गुरू मिळाले. एक म्हणजे अमेरिकन वुड कौन्सिलची डीसीए सहा नावाची फुकट मिळणारी पुस्तिका. डेकचा प्रत्येक जोड त्यात आकृतीसह आहे आणि बहुतेक टाउनशिपमधले तपासनीस तिला चांगलं ओळखतात. दुसरे आमचे आप्पा, सांगलीचे, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालेले.

रोज सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, मी व्हिडिओवर कागद कॅमेऱ्यासमोर धरायचे.

"पाया किती खोल धरलायस?"

"तीन फूट, आप्पा. छत्तीस इंच."

"अगं, एवढ्याशा फळकुटाला तीन फूट? वेड लागलंय का त्या लोकांना?"

मग त्यांना सांगितलं की इथे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं. गोठलं की फुगतं, आणि वरचा खांब उचलतं. मार्चमध्ये वितळलं की खांब परत खाली बसतो, पण होता तिथेच बसेल असं नाही. दोन-तीन हिवाळ्यांत डेक घरापासून सुटायला लागतो. म्हणून काँक्रीटचा तळ गोठण्याच्या रेषेच्या खाली न्यायचा, आणि आमच्या भागात ती ३६ इंच धरतात. आप्पा क्षणभर थांबले. "म्हणजे आपल्या काळ्या मातीसारखंच की. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कृष्णाकाठच्या घरांचे पाये का तडकतात? बरोबर आहे त्यांचं. तीन फूट घे." त्यानंतर त्यांनी इथल्या बांधकामाच्या नियमांना एकदाही नावं ठेवली नाहीत.

तपासनीस काय बघतो ते कळलं की चित्र सोपं होतं. डेकवर चौरस फुटाला ४० पाउंड माणसांचं वजन धरायचं. १२ बाय १८, म्हणजे २१६ चौरस फूट. गुणिले ४०, ८,६४० पाउंड. जवळजवळ चार टन! हे ऐकल्यावर नवऱ्याने विनापरमिट डेकचं नाव काढणं बंद केलं. कारण गणपतीला आमच्याकडे चाळीसएक माणसं येतात आणि आरतीला सगळी एकाच कोपऱ्यात उभी राहतात. त्यात लाकडाचं स्वतःचं वजन दहा पाउंड मिळवा, म्हणजे चौरस फुटाला ५०. आमची तुळई भिंतीपासून दहा फुटांवर आणि तिच्यापुढे दोन फूट बाहेर निघालेला डेक, तिच्याखाली तीन खांब. मधल्या खांबावर ३,२०० पाउंडांच्या आसपास भार येत होता. माती चौरस फुटाला १,५०० पाउंड पेलते असं धरलं तर तळ सव्वादोन चौरस फुटांच्या जवळपास हवा, म्हणजे २० इंच व्यासाचा गोल. आप्पा म्हणाले, "चोवीसचा काढ. हिशेबाच्या काठावर पाया घालत नाहीत." चोवीसचा काढला.

चित्रात हे सगळं लिहून द्यावं लागतं: खड्ड्याचा व्यास आणि खोली, खांबाची जाडी (चार बाय चार नको, सहा बाय सहा धरा), तुळईचे थर, वाश्यांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर, घराच्या भिंतीला जोडणारी लेजर फळी आणि तिचे बोल्ट, कठडा, जिना. तुळई खांबाच्या डोक्यावर बसली पाहिजे. खांबाच्या कडेला नुसते बोल्ट मारून टांगलेली चालत नाही. लेजरला खिळे चालत नाहीत, अर्ध्या इंचाचे बोल्ट किंवा लॅग स्क्रू खालीवर मारायचे, आणि त्याआधी तिथलं व्हायनिल साइडिंग कापून पत्र्याची पट्टी घालायची, म्हणजे पाणी भिंतीत मुरत नाही. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा आलाच: किमान ३६ इंच उंच, आणि दोन गजांमधून चार इंचाचा चेंडू जाता कामा नये. ते माप लहान मुलाच्या डोक्यासाठी आहे. चार किंवा जास्त टप्प्यांच्या जिन्याला हाताने धरायची दांडी हवी. हॉट टब ठेवायचा बेत असेल किंवा वर छप्पर हवं असेल तर ही पुस्तिका पुरत नाही, इंजिनिअर गाठा.

यानंतर अर्जाचं पाकीट. टाउनशिपच्या बांधकाम खात्यातून, किंवा राज्याच्या संकेतस्थळावरून, एक घडीचं फोल्डर मिळतं, तो मुख्य अर्ज. त्यात बांधकामाचा स्वतंत्र फॉर्म. विजेचं काही असेल तर विजेचा फॉर्म. "आम्हाला दिवा नको" असं म्हणून सुटता येत नाही: घरातून थेट जाता येणाऱ्या डेकला निदान एक प्लग लागतो, साडेसहा फुटांहून उंच नाही असा. तुमच्या भिंतीवर आधीच असेल तर चित्रात दाखवा. मी दाखवला नव्हता आणि त्यावर शेरा आला. झोनिंगच्या मंजुरीची प्रत, सर्व्हे, चित्राच्या दोन प्रती, खर्चाचा अंदाज. फी त्या अंदाजावर ठरते. खर्च कमी दाखवायचा मोह होतो, पण तिथे बसलेली माणसं दिवसभर हेच बघतात.

अर्ज पूर्ण असेल तर वीस कामकाजी दिवसांत उत्तर यायला हवं. आमचं सतराव्या दिवशी आलं, नकाराचं. दोन शेरे: एक प्लगचा, दुसरा खरा.

आमच्या स्वयंपाकघराची जेवणाची खिडकी भिंतीच्या दोन फूट बाहेर लटकते, खाली पाया नाही. १८ फुटांतली मधली सहा फूट ती. मी लेजर फळी सरळ तिच्यावरून ओढली होती. तपासनिसाने लाल पेनने गोल करून लिहिलं, की बाहेर लटकणाऱ्या भागाला डेक टांगता येत नाही. बरोबरच आहे, जो भाग स्वतःच लोंबकळतोय त्याच्यावर आणखी चार टनांतला वाटा कसा टाकायचा! विटांचं नुसतं आवरण असलेल्या भिंतीलाही हाच नियम आहे.

मला वाटलं, सोपं आहे, घराला टेकवूच नको, भिंतीजवळ आणखी तीन खांब रोवू आणि डेक स्वतःच्या पायावर उभा करू. पुस्तिका उघडली तर घराच्या भिंतीपासून पाच फुटांच्या आत खांब असेल तर त्याचा तळ घराच्या पायाइतका खोल न्यायचा. आमचं तळघर आठ फूट खोल! हे आप्पांना वाचून दाखवायची गरजच पडली नाही. "तळघर खणताना चारी बाजूंनी जास्त खणतात, मग भरतात. ती भरावाची माती. भरावावर पाया घालतात का कुणी?" शेवटी उपाय पुस्तिकेतच मिळाला: खिडकीच्या दोन्ही बाजूंना सरळ भिंतीवर लेजर, आणि खिडकीसमोर दोन मजबूत वाश्यांमध्ये एक आडवा तुकडा, म्हणजे डेक खिडकीला वळसा घालून जातो. सहा फुटांपर्यंत हे चालतं, त्याहून रुंद असेल तर आणखी खांब. नवं पान जोडून दिलं, आठवड्याने परमिट हातात. परमिटवर बारा महिन्यांत काम सुरू करावं लागतं, आणि मध्ये सहा महिने थांबलात तर ते रद्द होतं.

कॉन्ट्रॅक्टरबद्दल थोडं. न्यू जर्सीत घरदुरुस्तीचा कॉन्ट्रॅक्टर राज्याकडे नोंदलेला हवा. नोंदणी क्रमांक विचारा आणि ग्राहक खात्याच्या संकेतस्थळावर तपासा. पाचशे डॉलरच्या वरचं काम लेखी करारानेच होतं, आणि कराराची प्रत हातात पडल्यापासून तिसऱ्या कामकाजी दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत करार मोडता येतो. जो बांधणार आहे त्याच्याच नावावर परमिट निघू द्या. "तुम्ही मालक म्हणून काढा, लवकर मिळतं" असं कुणी म्हणालं तर जबाबदारी तुमच्या गळ्यात घालायचा तो प्रकार असतो. सगळ्यात उपयोगी कलम हे: तपासणीची प्रमाणपत्रं तुमच्या हातात दिल्याशिवाय त्याला शेवटचा हप्ता मागता येत नाही. मी ते कराराच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. तो हसला, पण सही केली.

खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या नळ-तारांच्या जागा दाखवणाऱ्या सेवेला, फोन. फुकट असतो. खणण्याच्या निदान तीन पूर्ण कामकाजी दिवस आधी करायचा, दहापेक्षा जास्त आधी नाही. माणसं येऊन गवतावर रंग मारून जातात: पिवळा गॅस, लाल वीज, निळा पिण्याचं पाणी, नारिंगी फोन-केबल, हिरवा सांडपाणी. आमच्या डावीकडच्या खड्ड्यापासून हातभर अंतरावर नारिंगी रेघ गेली. तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या नळ्या मात्र ते दाखवत नाहीत. आमची एक फुटलीच.

मग तपासण्या. तीन असतात आणि प्रत्येकीच्या पुढे जायला आधीची पास व्हावी लागते. निदान चोवीस तास आधी कळवायचं, तीन कामकाजी दिवसांत माणूस येतो.

पहिली खड्ड्यांची, काँक्रीट ओतण्याआधी. इथे गडबड करू नका. काँक्रीट ओतलेला खड्डा कुणाला मोजता येत नाही, आणि परत खणायला लावतात. आमचे खड्डे आदल्या दिवशी ३७ इंच होते, मी स्वतः मोजले होते. रात्री पाऊस झाला. सकाळी इन्स्पेक्टरने वाकून टेप सोडला, मधल्या खड्ड्यात ३४. कडेची माती रात्रीतून खाली सरकली होती. त्याने काठीने तळ टोचला, काठी दोन-तीन बोटं आत गेली. "सैल मातीवर ओतायचं नाही. मी कोपऱ्यावरच्या घरी जाऊन येतो, वीस मिनिटं." कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा फावडं शोधत होता, पण त्या अरुंद खड्ड्यात फावडं वळेना. मी आतून श्रीखंडाचा रिकामा डबा आणला, तो पोटावर आडवा झाला आणि डब्याडब्याने चिखल उपसला. इन्स्पेक्टर परत आला तेव्हा टेप साडेछत्तीस. हिरवा स्टिकर. पावसाचा अंदाज असेल तर खड्ड्यांवर रात्री प्लायवूड टाका आणि कडेला मातीचा बांध घाला, म्हणजे ही कसरत करावी लागणार नाही.

दुसरी सांगाड्याची, वरच्या फळ्या ठोकायच्या आधी. वाश्यांच्या लोखंडी पकडींतलं प्रत्येक भोक भरलेलं हवं, आणि त्यात डेकचे स्क्रू नकोत, त्यासाठीचेच खिळे हवेत. औषध मारलेल्या लाकडात साधं लोखंड लवकर खातं, म्हणून सगळं गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. आमची एका दमात पास झाली.

शेवटच्या तपासणीत लाल स्टिकर मिळाला, आणि तो माझ्या हौसेचा. जमिनीपासून ४४ इंच, म्हणून सहा टप्पे, प्रत्येक सव्वासात इंचाहून किंचित जास्त. सगळे एकसारखे, कारण सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान टप्प्यात तीन अष्टमांश इंचाहून जास्त फरक चालत नाही. काम संपल्यावर पायाला चिखल नको म्हणून मी जिन्याखाली गवतावरच दोन इंच जाडीच्या फरश्या मांडल्या. झालं, शेवटचा टप्पा दोन इंचांनी लहान. उतरताना पाय नेमका अशाच पायरीवर चुकतो. फरश्या उचलल्या, दोन इंच माती काढली, परत बसवल्या, गवताच्या पातळीत. आठवड्याने हिरवा.

त्यानंतर पोस्टाने मान्यतेचं प्रमाणपत्र येतं. ते आलं तेव्हाच मी कॉन्ट्रॅक्टरचा शेवटचा चेक फाडला. प्रमाणपत्र सर्व्हेच्याच फाइलमध्ये ठेवलंय, वह्यांखाली नव्हे. परमिटची एक प्रत टाउनशिपच्या कर-मूल्यांकन विभागाकडेही जाते, तेव्हा एक दिवस त्यांचा माणूस टेप घेऊन आला तर दचकू नका. वाढीव मूल्यांकनाचं वेगळं बिल ऑक्टोबरमध्ये येतं आणि एक नोव्हेंबरपर्यंत भरायचं असतं.